शून्य ओळी

डेटाबेस हा माझा विषय. गेल्या महिन्यात एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, माझ्याकडे तपासायला आली. एकही ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांची यादी हवी होती. क्वेरी एआयने लिहिलेली, नीटनेटकी, कॉमेंटसकट. चालवली तर शून्य ओळी. एरर नाही, त्यामुळे टीमने अर्थ काढला की प्रत्येकाने काही ना काही घेतलंय.

माझी नजर 'नॉट इन'वर, म्हणजे 'या यादीत नसलेले' या अटीवर अडली. ती यादी काढणाऱ्या आतल्या सबक्वेरीत एक जरी नल, म्हणजे रिकामी जागा, आला, तरी 'नॉट इन' एकही ओळ देत नाही. नलचा अर्थ 'माहीत नाही', आणि त्याच्याशी कशाचीही तुलना केली तरी उत्तर 'माहीत नाही' असंच येतं. लॉगिन न करता खरेदी करणाऱ्यांच्या ऑर्डरमध्ये ग्राहक क्रमांक रिकामा होता. 'नॉट एक्झिस्ट्स' (जुळणारी ऑर्डर नाही, एवढंच बघणारी अट) वापरून लिहिली आणि यादी भरभरून आली. चौदा वर्षांपूर्वी याच सापळ्यात मी एक अख्खी रात्र काढली होती, म्हणून कळलं.

त्याच आठवड्यात मी एआयच्या मदतीने एक वेब फॉर्म केला. जावास्क्रिप्ट मला जेमतेम येते, तरी दोन संध्याकाळींत काम झालं. फार आनंद झाला. एरवी अशा कामासाठी मी आठवडाभर कुणाची तरी वाट पाहायचे. फ्रंटएंड, म्हणजे वेबसाइटची वापरणाऱ्याला दिसणारी बाजू, बघणाऱ्या मैत्रिणीने पाच मिनिटांत दाखवलं, की रकमेची तपासणी फक्त ब्राउझरमध्ये आहे. सर्व्हरला थेट रिक्वेस्ट पाठवली तर कुठलीही रक्कम आत जाते.

दोन्हीकडचा कोड सारखाच स्वच्छ दिसत होता. एका ठिकाणी माझ्या मनात पाल चुकचुकली, दुसरीकडे नाही. खोलवर शिकल्याने मला मिळालंय ते हे चुकचुकणं.

म्हणून आता शेजारच्या विषयांचे कोर्स मी करत नाही. त्यातल्या माणसांना एकच विचारते: तुमच्याकडे आवाज न करता काय बिघडतं? मैत्रिणीने लगेच सांगितलं, पैसे दशांशात ठेवू नकोस, जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ होतात. असं वहीत लिहून ठेवते. माझ्या स्वतःच्या विषयात मात्र डेटाबेसने क्वेरी कशी चालवली ते दाखवणारं 'एक्सप्लेन ॲनालाइज' आधी मी वाचते, एआयला नंतर विचारते.

काळजी वाटते ती नव्यांची. ती रात्र त्यांच्या वाट्याला येतच नाही. काल टीममधल्या नव्या मुलीला तीच जुनी क्वेरी दिली आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत एआयला विचारू नकोस. पावणेपाचला तिचा मेसेज आला: "ताई, आतली यादी वेगळी चालवून पाहिली. यात रिकामे क्रमांक का आहेत?"