सेशन संध्याकाळी सातला

गुरुवारच्या मीटिंगपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात एका शहरी आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. आमच्या हद्दीत एका टॉवरचं काम चालू आहे, त्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प, परभणी-जालन्याकडची आणि झारखंडची माणसं. तिथे दर महिन्याला लसीकरणाचं सेशन सकाळी दहा ते दोन, आणि यायची जेमतेम दोन-तीन पोरं. शेरा ठरलेला, 'पालक उदासीन'. त्यावर सही माझीच असायची.

आमच्या आशाताईंनी, म्हणजे वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आशा स्वयंसेविकेनं, एकदा मला दारातच गाठलं. "मॅडम, उदासीन नाहीत ओ त्या. दुपारी आल्या तर खाडा पडतो, रात्री पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशीचाही. सातला लावा सेशन, मुकादमाशी मी बोलते."

आता सातला म्हणजे काय ते सांगते. उरलेल्या लसी त्याच दिवशी परत आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, जायला हव्यात आणि तो सांभाळणारे कोल्ड चेनचे दादा तर पाचला घरी जातात. गोवर-रुबेलाच्या लसीची वायल, म्हणजे कुपी, आमच्याकडे पाच डोसची, पावडर आणि त्यात घालायचं पाणी दोन्ही 2 ते 8 डिग्रीत हवं, एकदा मिसळलं की 4 तासांत वापरायचं नाहीतर फेकायचं. म्हणून पोरं कमी दिसली की सिस्टर वायल फोडायला कचरतात, वेस्टेजचा जाब त्यांनाच विचारतात ना, आणि आलेलं पोर तसंच परत जातं. 2022 ला मुंबई-भिवंडीत गोवर पसरलेला बघूनही आपण वायलच मोजत बसतो, याचा मला खरंच राग येतो.

मी फक्त परवानगी काढली आणि दादांना साडेनऊपर्यंत थांबायची विनंती केली. बाकी सगळं ताईंनी केलं. साइटवरून हॅलोजन मागून आणला, कार्ड हरवलेल्या पोरांची यादी त्यांच्या वहीत आधीच तयार होती. एक आई पोराला कवटाळून मागेच उभी, मी तिला गोवर म्हणजे काय ते समजवायला लागले तर ताई मधेच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या आजींना सांगून ठेवलंय, ताप आलेली पोरं उद्या त्या बघणार. तू कामाला जा." ती लगेच पुढे आली. त्या रात्री 19 पोरं झाली.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये कौतुक माझ्या लीडरशिपचं झालं. दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंगही मलाच मिळालेलं, तिथे एकही आशा नव्हती, सिस्टरसुद्धा नव्हत्या. मी उठून ताईंचं नाव घेतलं, मला वाटलं झालं आपलं काम. नंतर ताई म्हणाल्या, "नाव घेतलंत, बरं वाटलं. पण मला बोलू दिलं असतं तर सांगितलं असतं, मुकादम पुढच्या महिन्यापासून हॅलोजन देणार नाहीये."

मला हे माहीतच नव्हतं.

शिवाय त्यातली कितीतरी पोरं वर्षाची व्हायच्या आत दुसऱ्या साइटवर जातील, मग पूर्ण लसीकरणामागे आशाला मिळणारे 100 रुपये त्या पोरांचे ताईंना मिळणारच नाहीत. हे त्यांना त्या रात्रीही माहीत होतं.

पुढच्या मीटिंगला ताईंना पंधरा मिनिटं द्या असं विचारलं, उत्तर आलं की आशांची मीटिंग वेगळी असते. काल लेखी पत्र दिलंय.