पाट्या झाकून पाहिलेले व्यंगचित्र

पुणे महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक लांबत गेली आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहू लागले. या विषयावरचे एक व्यंगचित्र मला एकूण पाच वेळा काढावे लागले. मी सहकारी बँकेत नोकरी करतो आणि माझे चित्रकलेचे शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपलीकडे गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या चित्रात महापालिकेचे सभागृह होते. रिकाम्या खुर्च्यांवर कोळ्याची जाळी, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली एका सुटाबुटातल्या माणसाच्या हातात आणि कोपऱ्यात धोतर व चौकड्यांचा कोट घातलेला एक म्हातारा. किल्लीवाल्यावर ‘प्रशासक’, कुलपावर ‘लोकशाही’, म्हाताऱ्यावर ‘करदाता’ अशा एकूण सहा पाट्या मी लिहिल्या होत्या. घरच्यांना व मित्रांना दाखवून ‘कसे वाटले?’ असे विचारले, तेव्हा सर्वांनी ‘छान’ म्हटले. एका मित्राने तर ते ताबडतोब चार ठिकाणी पाठवले. त्या ‘छान’चा मला पुढच्या चित्रासाठी काडीचा उपयोग झाला नाही, पण प्रश्नच तसा विचारला होता, त्यामुळे दोष त्यांना देता येत नाही.

एका परिचितामार्फत, आयुष्यभर व्यंगचित्रे काढलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. त्यांनी चित्र हातात घेतले, दोन्ही हातांच्या बोटांनी जमतील तेवढ्या पाट्या झाकल्या आणि म्हणाले, “आता सांगा, काय दिसतंय?” पाट्या झाकल्यावर ते एखाद्या बंद पडलेल्या नाट्यगृहाचे चित्र वाटत होते. म्हाताऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी, “हा लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. तुमचा माणूस कुठे आहे?” असे विचारले. मला वाटले, आता रेषेबद्दल काही सांगतील; पण “रेषेचं नंतर बघू,” एवढेच बोलून त्यांनी तिसरा प्रश्न केला आणि तोच निर्णायक ठरला: “सभागृह रिकामं आहे म्हणता, मग कामं मंजूर कोण करतंय?”

याचे उत्तर मला ठाऊक होते, पण ते चित्रात कोठेच आले नव्हते. प्रशासकाच्या काळात मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडेच असतात. म्हणजे आयुक्त म्हणून ज्याने प्रस्ताव मांडायचा, त्यानेच प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. खुर्च्या रिकाम्या नव्हत्याच, त्या सगळ्या खुर्च्यांवर एकच माणूस बसलेला होता. मी जाळी काढत बसलो होतो, कारण जाळी काढणे सोपे असते आणि कोणत्याही सरकारी विषयाला ती चालतात.

दुसऱ्या चित्रात मी एकाच चेहऱ्याची तीन माणसे काढली: एक सूचक, एक अनुमोदक आणि एक उच्चासनावरून हातोडा आपटणारा. पाटी एकही नव्हती. या वेळी ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘यात काय दिसले?’ एवढेच विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे ठरवले. हे वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे, कारण समोरचा गोंधळला की समजावून सांगण्यासाठी जीभ वळवळू लागते. नऊ जणांना दाखवले. महापालिकेतून निवृत्त झालेले शेजारी चित्र पाहताक्षणी हसले; मात्र एका शिक्षिकाबाईंसह चौघांना त्यात राज्यातले तीन पक्षांचे सरकार दिसले. तीन माणसे काढली की महाराष्ट्रात सध्या ती तीन पक्षच होतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून तिसऱ्या चित्रात तोच माणूस सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर बसवला आणि सर्वांचे हात वर केले. त्यानंतर पक्षांचे नाव कोणी काढले नाही.

काही प्रतिक्रिया मात्र चित्राबद्दल नव्हत्याच. “नगरसेवक होते तेव्हा काय दिवे लागले होते?” असे एकाने ऐकवले, तर दुसऱ्याने मी कोणत्या पक्षाचा, याची चौकशी केली. पहिल्याचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो, पण ते वेगळे चित्र होईल. चित्र नीट कळूनच हे दोघे चिडले होते, म्हणून त्यांच्यासाठी काहीही बदलले नाही. उलट, ज्यांना ते आवडले पण कळले नव्हते, त्यांच्यासाठी बरेच बदलले.

चौथ्या वेळी चूक माझ्या वहीबाहेरची निघाली. वर्तमानपत्रात चित्र किती लहान होईल हे पाहण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात ते निम्म्या आकारात काढून घेतले, तर मागच्या रांगांतल्या चेहऱ्यांवर छायेसाठी मारलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेषा एकमेकींत मिसळून काळे डाग झाले होते आणि सगळा विनोद ज्यावर उभा होता तो सारखेपणाच नाहीसा झाला होता. छाया काढून टाकली, चष्मा व मिशा जाड ब्रशने काढल्या, मागच्या दोन रांगा कमी केल्या.

हे चित्र घेऊन पुन्हा त्या गृहस्थांकडे गेलो. या वेळी त्यांनी काही झाकले नाही, काही विचारले नाही. बराच वेळ पाहत राहिले. मग पुढच्या रांगेतल्या माणसाच्या पायांवर पेन्सिल टेकवून म्हणाले, “दोन्ही बूट डाव्या पायाचे काढलेत.” त्यांनी रेषेबद्दल उच्चारलेले हे पहिले वाक्य होते. मी घरी येऊन पाचव्यांदा कागद घेतला.