मॅडम, यातले तुमचे काय आणि सरांचे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बागेत शिल्प बसवून झाले, क्रेन निघून गेली आणि चहाचे पेले फिरू लागले की कोणीतरी थोडे संकोचून हा प्रश्न विचारतेच. त्यात वाईट काही नाही. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर आधीच तयार असते, की शिल्प सरांचे आणि रंगरंगोटी मॅडमची. त्यामुळे गेली 22 वर्षे मी हसून वेळ मारून नेत आले आहे. आज जरा नीट उत्तर देते.

आम्ही दोघे कलाशाळेत एकाच वर्गात होतो. त्या काळात एकदा अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांचे शिल्पालय पाहायला गेलो आणि त्यांच्या आवारातल्या सिमेंटच्या म्हशीसमोर बराच वेळ उभे राहिलो. ब्राँझ आणि संगमरवर यांच्याच गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हाला, घराच्या गिलाव्याला वापरतात ते सिमेंट असे जिवंत होऊ शकते, हे तिथे पहिल्यांदा कळले. उघड्यावर, उन्हापावसात राहणारी कामे करायची हे तेव्हाच ठरले. लग्नाचे नंतर ठरले.

सुरुवातीला आम्ही लोकांसाठी एक सोपे उत्तर करून ठेवले होते: हाडे त्याची, कातडी माझी. तो सळया वाकवून सांगाडा उभा करतो, त्यावर बारीक जाळी बाइंडिंग तारेने आवळतो, आणि मग एक भाग सिमेंटला दोन भाग चाळलेली वाळू, पाणी शक्य तितके कमी, असा माल कालवून मी तो जाळीच्या आरपार दाबत थापत जाते. (ही पद्धतही मुळात बागेतलीच आहे. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट 1867 साली घेतले होते. आज ज्या काँक्रीटच्या इमारतींत आपण राहतो त्यांच्या पूर्वजांत या कुंड्या येतात, हे इमारती बांधणाऱ्यांना मी आवर्जून सांगते.) पण ज्याने कधी सांगाडा बांधला आहे त्याला आमचे ते उत्तर किती फसवे होते ते लगेच कळेल. प्राणी मान कुठे वळवणार, भार कोणत्या पायावर टाकणार, हे सळई वाकतानाच ठरते, म्हणून त्याच्या पक्कडीबरोबर माझी जीभही अखंड चालू असते. आणि मी माल थापू लागले की तो दहा फुटांवर उभा राहून, खांदा अजून जड हवा, असे जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगत राहतो.

भांडणे आमची भरपूर होतात, आणि सगळ्यांत जास्त जागेवरून होतात. चार भिंतींत अवाढव्य वाटणारी वस्तू मोकळ्या आभाळाखाली नेली की एकदम आक्रसते, म्हणून आम्ही आधी बांबू आणि गोणपाट यांचा तेवढ्याच आकाराचा बुजगावण्यासारखा सांगाडा बागेत रोवून येतो आणि सकाळ-संध्याकाळ चारही बाजूंनी पाहतो. पाणी कुठे साचेल हे तो पाहतो, कारण शिल्पाच्या पाठीवरचा एक खळगाही डासांची पैदास करायला पुरतो. ऊन कोणत्या अंगाला लागेल हे मी पाहते. शेवाळावरून आमचे आजही पटलेले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात सावलीतल्या अंगावर ते धरू लागते तेव्हा मला काम पुरे झाल्यासारखे वाटते, आणि तो मात्र माळ्याला तारेचा ब्रश आणायला सांगतो.

आता कानाची गोष्ट. एका बागेसाठी आम्ही हत्तीचे पिल्लू केले होते, आणि त्याचे कान पातळ असावेत हा हट्ट माझा होता. सळईवर निदान दोन-अडीच सेंटिमीटर माल हवा, असे तो म्हणत होता. मी कडा निमुळत्या करत नेल्या आणि डाव्या कानाच्या दुमडीत तो थर अर्ध्यावर आला. सिमेंटचा क्षार लोखंडाला गंजण्यापासून राखतो खरा, पण थर पातळ असला की ओल आणि हवा सळईपर्यंत लवकर पोहोचते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागत असल्याने तो आतून माल फोडूनच बाहेर येतो. दुसऱ्या पावसाळ्यात दुमडीवर एक तांबूस रेघ दिसली आणि दिवाळीपूर्वी तळहाताएवढा तुकडा गवतात पडला. मालकांचा फोन आल्यावर आम्ही तीन तासांचा प्रवास करून गेलो. "मी सांगितले होते" असे तो त्या तीन तासांत एकदाही म्हणाला नाही, आणि ते म्हणण्यापेक्षा जास्त लागले. कानाजवळ बसून त्याने पक्कड माझ्या हातात दिली आणि तो माल कालवायला गेला.

फ्रान्समध्ये क्लोद आणि फ्रांस्वा-झाविए लालान हे जोडपे 'ले लालान' या एकाच नावाने कामे मांडत असे, पण बहुतेक वस्तू ज्याने त्याने वेगळी घडवलेली असे: हिरवळीवरची मेंढरे त्याची, कोंबडीच्या पायांवर उभा राहिलेला कोबी तिचा. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला असता तर बोट दाखवून उत्तर देता आले असते. आमचे उलट आहे. ओल्या मालावर खिळ्याने कोरलेली आमची दोघांची आद्याक्षरे प्रत्येक प्राण्याच्या पोटाखाली असतात, आणि गवतात आडव्या पडणाऱ्या मुलांखेरीज ती फारशी कोणी पाहत नाही. चेक अजूनही बहुधा एकाच्याच नावाने येतो.

तो डावा कान नव्याने केला तेव्हा त्यातल्या स्टेनलेस स्टीलच्या सळया मी वाकवल्या, जाळी मी आवळली, आणि त्यावर माल त्याने थापला; कडा त्याने माझ्यापेक्षाही पातळ ओढल्या, कारण आत गंजणारे काही उरलेच नव्हते. ओले गोणपाट गुंडाळून माळ्याने दोन आठवडे इमानाने पाणी मारले. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा मालक पाहुण्यांना पिल्लू दाखवत होते. "अंग सरांचे," ते म्हणाले, "पण हा कान बघा, किती नाजूक आहे, हा नक्की मॅडमचा." नवरा चहा पीत उभा होता. त्याने कपाच्या काठावरून माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणाले, "हो."