तुम्ही विचारलेत म्हणून: ब्रेडीचे पहिले वर्षच का?

भारतातून कोणी आमच्याकडे राहायला आले आणि बैठकीच्या खोलीतले चौकट करून लावलेले जुने तिकीट त्यांच्या नजरेस पडले, की एक प्रश्न ठरलेला असतो. अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या टॉम ब्रेडीचे नाव आता तिकडेही ठाऊक झाले आहे. तो तेवीस हंगाम खेळला आणि सात वेळा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकला, एवढे बहुतेकांना माहीत असते. म्हणून ते विचारतात, "एवढं सगळं त्याने मिळवलं, आणि तुम्ही मंडळी भेटलात की २००१ सालाबद्दलच का बोलत बसता? आणि हे तिकीट तर हरलेल्या सामन्याचं आहे!" प्रश्न रास्त आहे. तोंडी उत्तर देताना माझे नेहमी काहीतरी राहून जाते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. सव्वाशे-दीडशे किलोंची माणसे त्याला आडवे करण्यासाठी धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे असते की चेंडू कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा, की सरळ मैदानाबाहेर टाकून द्यायचा. त्यामुळे संघाचे यश-अपयश लोक त्याच्याच नावावर मांडतात, आणि त्याच्यावर जीव लावतात तोही इतर खेळाडूंपेक्षा अधिक.

आता ब्रेडीचे पाहा. एप्रिल २००० मध्ये व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड केली, तेव्हा न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर घेतले. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. चाचणीत चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, आणि अंगकाठी अशी की व्यायामशाळेचे तोंड पाहिले आहे की नाही अशी शंका यावी. मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षीसुद्धा ड्रू हेन्सन या तरुण खेळाडूबरोबर त्याला जागा वाटून घ्यावी लागली होती. १ जानेवारी २००० रोजी ऑरेंज बोल या महाविद्यालयीन सामन्यात दोनदा चौदा गुणांनी मागे पडूनही त्याने अलाबामाविरुद्ध ३५-३४ असा विजय खेचून आणला होता, पण निवड करणाऱ्यांनी त्याला फारसे महत्त्व दिले नाही. पेट्रियट्सचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक डिक रेबाइन यांनी मात्र त्याच्यासाठी आग्रह धरला. ऑगस्ट २००१ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, आणि ज्याच्यासाठी त्यांनी शब्द टाकला होता त्याचा एकही महत्त्वाचा सामना त्यांना पाहता आला नाही. या साऱ्या कथेत मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती याची.

माझे बालपण डोंबिवलीत गेले. १९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली, त्यानंतर मुंबईच्या लोकलमध्ये महिनोन्महिने दुसरा विषय नव्हता. सचिनबद्दल "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं" असे म्हणणारी माणसे खरेच तेव्हा सांगत होती. मी ती ऐकली आहेत. ब्रेडीच्या बाबतीत असे कोणीही म्हणू शकत नाही. तरीही आज बोस्टनच्या परिसरात शंभर माणसे भेटतील, जी सांगतील की त्या मुलाच्या डोळ्यांत मला पहिल्याच दिवशी काहीतरी वेगळे दिसले होते. ती खोटे बोलत नाहीत. माया जडली की आठवण मागे मागे सरकत जाते आणि जिथे ती नव्हती तिथेही जाऊन बसते. मी मात्र तिथे होतो, आणि आम्हाला काहीही दिसले नव्हते. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि त्यासाठीच ते तिकीट भिंतीवर आहे.

१९९९ साली मी संगणकांच्या वाय-टू-केच्या कामासाठी मॅसॅच्युसेट्समध्ये आलो आणि फ्रेमिंगहॅमला राहू लागलो. कार्यालयात माझ्या शेजारी एक ज्येष्ठ सहकारी बसत. पेट्रियट्सच्या फॉक्सबरो इथल्या स्टेडियममध्ये कित्येक वर्षे त्यांच्या दोन जागा राखीव होत्या, आणि हा खेळ मला त्यांनीच शिकवला. जेवणाच्या सुट्टीत कागदी रुमालावर गोल आणि फुल्या काढून. २३ सप्टेंबर २००१ च्या सामन्याला त्यांनी मला बरोबर नेले. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर आदळलेली दोन्ही विमाने बोस्टनहून उडाली होती, आणि त्याला बाराच दिवस झाले होते. माझ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने साठ हजारांच्या गर्दीत जावे की नाही, यावर आमच्या घरी आदल्या रात्री बराच वेळ बोलणे झाले होते. सहकाऱ्यांना ते न सांगताच समजले असावे. प्रवेशद्वारापासून जागेपर्यंत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला, "हा माझा मित्र," एवढे सांगूनच ते खाली बसले. मैदानावर जो अँड्रुझी या खेळाडूचे भाऊ उभे होते. ते न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातले होते, आणि त्यांच्यासाठी स्टेडियम किती वेळ उभे राहिले ते सांगता येत नाही.

चौथ्या सत्रात आमचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो चेंडू घेऊन उजव्या सीमारेषेकडे धावला आणि प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुइसने त्याला धडक दिली. ॲल्युमिनियमच्या त्या बाकांवर आम्ही बरेच वर बसलो होतो. तो उठला, पुन्हा मैदानात आला, म्हणून आम्हाला काही विशेष वाटले नाही. छातीतील रक्तवाहिनी फाटून आत रक्त साचत होते आणि त्याचा जीव धोक्यात होता, हे कळले ते नंतर. थोड्या वेळाने १२ क्रमांकाचा एक उंच, सडपातळ मुलगा मैदानात उतरला. सामना १०-३ असा हरलो. परतताना गाडीत आम्ही ब्लेडसोबद्दल, बचावाबद्दल, आदल्या वर्षीच्या पाच विजय आणि अकरा पराभवांबद्दल बोललो. त्या मुलाबद्दल एक वाक्यही झाले नाही.

त्यानंतरचे आठवडे बाहेरच्यांना समजावून सांगणे कठीण आहे, कारण आता सगळे सरळ रेषेत दिसते. पुढच्याच रविवारी पेटन मॅनिंगच्या कोल्ट्सना ४४-१३ असे हरवले, त्याच्या पुढच्या रविवारी मायामीत ३०-१० असा मार खाल्ला. ब्रेडीने कारकिर्दीतल्या पहिल्या १६२ फेकींत एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नाही, हा विक्रम होता; आणि मग डेन्व्हरमध्ये एकाच सत्रात चार दिले. आम्ही म्हणालो, झाले, संपले याचे. नोव्हेंबरमध्ये ब्लेडसो बरा होऊन परतला आणि मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच ठेवायचे ठरवले, तेव्हा सकाळी कामावर जाताना रेडिओवर या एका विषयावरून माणसे एकमेकांवर ओरडत होती.

माझे सहकारी ब्लेडसोच्या बाजूचे होते, आणि त्याला कारण होते. १९९२ साली संघ सोळापैकी चौदा सामने हरला होता. दुसऱ्या वर्षी ब्लेडसो आला आणि रिकामे स्टेडियम भरू लागले. २००१ च्याच मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरांहून मोठा करार झाला होता. मीही ब्लेडसोच्याच बाजूचा होतो, पण माझे कारण वेगळे होते. त्या हिवाळ्यात आमच्या क्षेत्रात माणसे कमी करणे सुरू होते, माझा व्हिसा नोकरीशी बांधलेला होता, आणि एखाद्याने दुखापतीने पडून राहावे व बरे होऊन यावे तो त्याची खुर्ची दुसऱ्याला दिलेली असावी, हे मला सहन होत नव्हते. ब्रेडी जिंकत होता, आणि तो जिंकतो म्हणून मला त्याचा राग येत होता. हे मी आज लपवत नाही, कारण पुढे जे प्रेम जडले ते या रागावरून चालत आले आहे.

ते कधी जडले, तर १९ जानेवारी २००२ च्या रात्री. जुन्या स्टेडियममधला तो शेवटचा सामना. बर्फ असा पडत होता की दूरदर्शन संचावर यार्डांच्या रेषा दिसत नव्हत्या. चौथ्या सत्रात प्रतिस्पर्धी ओकलंड रेडर्स १३-३ असे पुढे होते. ब्रेडी स्वतः चेंडू घेऊन सहा यार्ड धावला, गुण मिळवले, चेंडू आनंदाने जमिनीवर आपटायला गेला आणि घसरून पडला. शेवटच्या दोन मिनिटांत चार्ल्स वुडसनच्या धडकेने चेंडू त्याच्या हातून सुटला. रेडर्सनी तो उचललाही. मग पंच वॉल्ट कोलमन यांनी चित्रफीत पाहून सांगितले की हात पुढे जात होता, म्हणून ती अपुरी राहिलेली फेक, म्हणजे चेंडू आमच्याकडेच राहिला. यावर अजूनही वाद होतात. माझे मत असे, की निर्णय त्या वेळच्या नियमाला धरून होता आणि नियमच वाईट होता. २०१३ मध्ये तो रद्द झाला, ते योग्य झाले. सत्तावीस सेकंद उरले असताना आमचा किक मारणारा खेळाडू ॲडम व्हिनाटिएरी याने त्या बर्फातून ४५ यार्डांवरून चेंडू खांबांमध्ये घातला आणि बरोबरी झाली. जादा वेळेत त्यानेच विजयाची किक मारली. दर शनिवारी रात्री मी कॉलिंग कार्डावरून डोंबिवलीला आईला फोन करत असे. त्या दिवशी तिथे सकाळचे दहा वाजून गेले तेव्हा तो लागला. ती काळजीत होती. "बर्फ पडत होता," एवढेच मी सांगू शकलो.

पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गमध्ये ब्रेडीचा घोटा दुखावला आणि ब्लेडसो आत आला. पहिल्या काही खेळींतच तो पुन्हा सीमारेषेकडे धावला आणि तशीच धडक बसली. माझ्या सहकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. तो उठला, आणि लगेच त्याने डेव्हिड पॅटनला टचडाउनची, म्हणजे चेंडू थेट गुणरेषेपलीकडे नेणारी, फेक दिली. सामना २४-१७ असा जिंकला. ब्रेडीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट ब्लेडसोला वगळून सांगणाऱ्यांशी माझे कधीच जमत नाही.

आणि मग ३ फेब्रुवारी, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल. प्रतिस्पर्धी सेंट लुइस रॅम्स चौदा गुणांनी जिंकतील असा अंदाज होता. शेवटी १७-१७ अशी बरोबरी झाली, १ मिनिट २१ सेकंद उरले होते, चेंडू आमच्याच १७ यार्डांच्या रेषेवर, घड्याळ थांबवून घेण्याचा एकही टाइमआउट शिल्लक नाही. समालोचन करणारे जॉन मॅडन म्हणत होते की वेळ काढावा आणि जादा वेळेत जावे. चोवीस वर्षांच्या त्या मुलाने रेडमंडला तीन छोट्या फेकी दिल्या: पाच यार्ड, आठ, अकरा. मग ट्रॉय ब्राउनला तेवीस, विगिन्सला सहा. घड्याळ थांबवण्यासाठी त्याने चेंडू जमिनीवर आपटला. सात सेकंद राहिले होते. आपटलेला चेंडू उसळून वर आला, आणि त्याने तो नुसत्या बोटांनी अलगद झेलला, जसे अंगणात खेळणारे पोर झेलते. मी त्याच्याबद्दल विचार करतो तेव्हा मला अजिंक्यपदांच्या सात अंगठ्या आठवत नाहीत, तो हात आठवतो. व्हिनाटिएरीची ४८ यार्डांची किक त्यानंतरची. १९६० पासूनच्या या संघाचे ते पहिले अजिंक्यपद होते.

जून २०२४ मध्ये त्याचा १२ क्रमांक कायमचा निवृत्त करण्यात आला, तेव्हा मी सहकाऱ्यांच्या घरी गेलो होतो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. कार्यक्रम संपल्यावर नेहमीप्रमाणे आम्ही २००१ पाशी आलो, आणि त्यांनी मला एक गोष्ट आठवून दिली, जी मी तोवर कधी जोडून पाहिली नव्हती. २००० सालच्या थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावले होते. माझ्या पत्नीने शंकरपाळ्या केल्या होत्या, आणि त्यांच्या नातवंडांनी डबा मधोमध ठेवून तो रिकामा केला होता. दूरदर्शन संच चालू होता. पेट्रियट्स डेट्रॉइटमध्ये ३४-९ असे हरत होते. सामन्याच्या शेवटी, जेव्हा काहीच पणाला नव्हते, तेव्हा संघातल्या चौथ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला आत पाठवण्यात आले. त्याने तीन चेंडू फेकले आणि त्यांतला एक सहा यार्डांसाठी झेलला गेला. टॉम ब्रेडीची ती पहिली फेक. आम्ही सगळे त्या खोलीत होतो. त्यांना आठवते ते असे, की त्या वेळी कोणीतरी पंपकिन पाय कापत होते आणि मी ताटल्या पुढे करत होतो. मला ताटल्या आठवतात, शंकरपाळ्यांचा डबाही आठवतो.