पाच मुलगे असूनही

१४ मे

इंग्लंडचा नामांकित सरदार विल्यम मार्शल गेला तो १४ मे १२१९ रोजी, टेम्सकाठच्या कॅव्हरशॅमला. त्याच्या पराक्रमावर खूप लिहिलं जातं. मला मात्र दर वर्षी या तारखेला त्याच्या मिळकतीची वाटणी आठवते.

तो धाकट्या मुलांपैकी. इंग्लंडात जमीन थोरल्याला, म्हणून याचं पोट टूर्नामेंटवर, म्हणजे सरदारांच्या लढाईच्या स्पर्धांवर. हरलेल्या सरदाराचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, वर सुटकेची खंडणी. एका जोडीदाराबरोबर त्याने दहा महिन्यांत १०३ सरदार पकडले. खरी जहागीर मात्र लग्नातून आली. ११८९ मध्ये त्याने इझाबेल द क्लेअरशी लग्न केलं आणि तिच्या माहेरचा वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टो किल्ला अन् आयर्लंडमधला लेन्स्टर प्रांत त्याच्याकडे आला. तिची आई लेन्स्टरच्या राजाची मुलगी. हे घराणं इझाबेलच्या नावाने ओळखलं जायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पाच मुलगे, पाच मुली. मुलगे एकामागून एक अर्ल (बड्या सरदाराचा किताब) झाले आणि औरस मूल मागे न ठेवता गेले: विल्यम १२३१, रिचर्ड १२३४, गिल्बर्ट १२४१, मग वॉल्टर आणि अँसेल्म १२४५ मध्ये, महिन्याभराच्या आत. गिल्बर्टला चर्चच्या सेवेसाठी वाढवलं होतं. तो टूर्नामेंटमध्येच मेला. लगाम तुटला, पाय रिकिबीत अडकला, घोड्याने फरपटत नेलं.

दर मृत्यूला खर्च वेगळा. मोठ्या सनदेप्रमाणे (मॅग्ना कार्टा) अर्लच्या वारसाने राजाला १०० पौंड नजराणा द्यायचा. विधवेला तहहयात एक तृतीयांश. धाकट्या विल्यमची विधवा एलेनॉर, राजा तिसऱ्या हेन्रीची बहीण, १२७५ पर्यंत जगली. तिच्या हिश्श्याचं भांडण तितकंच लांबलं.

मुलगा नसेल तर मुलींत समान वाटणी. १२४७ मध्ये ती झाली तेव्हा पाचांपैकी थोरली मॉड तेवढी हयात होती. मार्शलपद, म्हणजे घराण्याकडे वंशपरंपरेने असलेलं राजदरबारचं पद, तोडता येत नाही, म्हणून ते तिला. शिवाय चेपस्टो आणि आयर्लंडमधलं कार्लो. लेन्स्टरमधलंच किल्केनी आईच्या नावाच्या मुलीच्या, धाकट्या इझाबेलच्या वंशाला गेलं. सिबिलच्या वाट्याला किल्डेअर, पण तिला सात मुली, म्हणजे प्रत्येकीला मूळ मिळकतीचा पस्तिसावा हिस्सा. उलट जोनचा पाचवा भाग अखंड तिच्या मुलीकडे राहिला, आणि त्यातच वेल्समधलं पेम्ब्रोक होतं. त्या मुलीचा नवरा विल्यम द व्हॅलेन्स, राजाचा सावत्र भाऊ.