१,८४,००० मैल चाललेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

थरथर पहिल्यांदा जाणवली ती रूट १ वर. ताशी चाळीस-पंचेचाळीस मैल वेग, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका, आणि रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून चाक गेल्यासारखी सगळी व्हॅन दोन सेकंद शहारली. वेग वाढवला की थांबायची. आठवडाभर मी रस्त्याला दोष दिला. मग थंड सकाळी रिव्हर्स टाकल्यावर गाडी नुसतीच उभी राहायला लागली. एक, दोन, तीन मोजावं आणि धाडकन मागे झटका.

आमची व्हॅन २००७ ची होंडा ओडिसी. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मुलांची रविवारची मराठी शाळा, गणपतीच्या मखराचं सामान, नेवार्क विमानतळाच्या फेऱ्या, सगळं हिच्यातूनच. घेतली तेव्हा १,१२,००० मैल झालेले होते, त्या वेळी १,८४,००० होते, म्हणजे जवळजवळ तीन लाख किलोमीटर. आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं याची नोंद नव्हती. मीही इतकी वर्षं इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललं, पण गिअरबॉक्सकडे पाहिलं नाही. ही चूक माझीच.

एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच सांगितलं की गिअरबॉक्स उघडून नवा बांधावा लागेल, ३,८०० डॉलर. व्हॅन विकली तर तेवढेही आले नसते. दुसऱ्याने मशीन लावून एका दमात सगळं ऑइल बदलून देतो म्हटलं. तिसरा म्हणाला, हात लावू नका, जुन्या गाडीत नवं ऑइल घातलं की गिअरबॉक्स बसतो. तिघांची तीन मतं ऐकून मी जास्तच घाबरले.

बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये त्यांची उमर गेली, पण हयातीत ऑटोमॅटिक कधी उघडलेला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, क्लचचं पेडल नाही, मग क्लच आहे कुठे?" तो समजावताना माझंच डोकं साफ झालं. होंडाच्या या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलसारखेच समांतर शाफ्ट आणि त्यांवर गिअर असतात. फरक इतकाच की गिअर लावायला दांडा नाही. गिअरला त्याचा स्वतःचा छोटा क्लच असतो, आत पातळ चकत्यांची थप्पी, आणि ती थप्पी ऑइलच्या दाबाने आवळली जाते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑइलात समोरासमोर फिरणारे दोन पंखे. ठराविक वेगानंतर हे दोन पंखे आणखी एका क्लचने एकमेकांना जखडले जातात, म्हणजे घसरण उरत नाही. म्हणून इथलं ऑइल नुसतं वंगण नाही. गिअर आवळणारा हात तेच, उष्णता वाहून नेणारंही तेच. बाबा म्हणाले, "मग आधी ऑइल बघू. बाकीचं नंतर."

त्याआधी इंजिनाचा संशय फेडायचा होता, कारण प्लग चुकला तरी गाडी अशीच थरथरते. मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक फक्त दिवा लागेल इतका दाबायचा. ब्रेकला स्पर्श होताच कन्व्हर्टरचा तो क्लच सुटतो. मी केलं आणि थरथर त्याच क्षणी थांबली. तीनदा केलं, तीनदा तेच. दोष कन्व्हर्टरच्या क्लचमध्ये होता. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड एकही नव्हता, गिअरबॉक्स बिघडला की लुकलुकणारा डी चा हिरवा दिवाही शांत होता. म्हणजे दुखणं होतं, पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं.

ऑइल बघण्याची या गाडीची रीत वेगळी आहे आणि ती चुकवून बरेच जण फसतात. सपाट जागी, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन तापवायचं, मग बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांत ऑइलची पातळी दाखवणारी काडी काढून बघायची. चालू इंजिनावर नाही, तासाभराने तर नाहीच. पातळी बरोबर निघाली, पण रंग कोऱ्या चहाचा. नवं ऑइल लाल असतं. बाबांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, एक बोटांत चोळला, नाकाशी नेला. करपट वास होता, पण नाक मागे घ्यावं असा नाही, आणि बोटाला कचही लागली नाही. चकत्या पार जळून गेल्या असत्या तर काळं, खरखरीत ऑइल आणि उग्र वास आला असता. तसं असतं तर मीही ऑइलवर पैसे घातले नसते. नवं ऑइल गिअरबॉक्स मारतं ही समजूत बहुधा अशाच गाड्यांवरून पडली असावी. तिथे क्लच आधीच संपलेला असतो आणि जुन्या ऑइलात तरंगणाऱ्या भुकटीवर कसाबसा पकड धरून असतो.

मशीन मला नकोच होतं. होंडाची स्वतःची रीत काढा आणि भरा एवढीच आहे. या गिअरबॉक्सची आतली जाळी तो खोलल्याशिवाय हाती लागत नाही, त्यामुळे जोराने हललेली घाण कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. व्हॉल्व्हचे मार्ग सुईएवढे असतात. पण एकदा काढून भागत नाही. आत साधारण आठ क्वार्ट, म्हणजे साडेसात लिटर ऑइल मावतं आणि खालच्या बोल्टमधून सव्वातीनच्या आसपास निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या मार्गांत अडकून राहतं. म्हणजे एका वेळी चाळीस टक्के बदलतं, साठ जुनं उरतं. दुसऱ्या वेळी जुनं छत्तीस टक्के, तिसऱ्या वेळी बावीसच्या आत. हे तिन्ही फेरे एका दिवसात करता येतात. मी मुद्दाम तीन आठवड्यांच्या अंतराने केले, जुन्या यंत्राला सवय होऊ द्यावी म्हणून, आणि प्रत्येक फेऱ्यात काय निघतं ते बघता यावं म्हणूनही.

ऑइल होंडाचंच डीडब्ल्यू-१ आणलं. २००७ च्या पुस्तकात झेड-१ लिहिलेलं आहे, पण त्याची जागा आता यानेच घेतली आहे. बारा बाटल्या, प्रत्येकी एक क्वार्ट. दर वेळी बोल्टला नवा ॲल्युमिनियमचा वॉशर. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं स्वस्त ऑइल शेजारच्याच फळीवर होतं, तरी थरथरणाऱ्या क्लचवर ते आजमावायला मन धजलं नाही.

शनिवारी सकाळी पुढची चाकं रॅम्पवर चढवली, मागे लाकडी ठोकळे लावले, पार्किंग ब्रेक दाबला. मी सरळ खालच्या बोल्टला हात घालणार तोच बाबांनी थांबवलं. "भरायचा बोल्ट सुटतो का ते आधी बघ. तो गंजून बसला असेल आणि तू खालून सगळं सोडून बसलीस, तर गाडी इथेच राहील." वरचा १७ मिलिमीटरचा बोल्ट हवेच्या नळीखाली दडलेला, आणि खरोखरच अडलेला होता. गंज सुटायचं तेल मारून अर्धा तास थांबलो तेव्हा कुठे हलला. खालच्या बोल्टला मात्र वेगळा पाना लागत नाही. तीन अष्टमांश इंचाच्या रॅचेटचं चौकोनी टोक थेट त्याच्यात बसतं.

निघालेलं ऑइल मी दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये ओतून मोजलं आणि तितकंच नवं भरलं. पुस्तकातल्या आकड्याइतकाच हा हिशोब महत्त्वाचा, कारण रॅम्पवर गाडी तिरकी असते आणि निघणारं ऑइल थोडं कमीजास्त होतं.

बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर काजळासारखा राखाडी थर होता, बोटाच्या पेरभर. माझ्या पोटात गोळा आला. बाबांनी तो कागदावर पसरून उन्हात धरला, बोटाने सावकाश पुसत गेले. एकही कपचा किंवा चकचकीत तुकडा नव्हता. "ही झीज आहे. मोडतोड नाही," म्हणाले. बोल्ट नव्या वॉशरसह ३६ फूट-पाउंडांवर आवळला. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क रेंच नसेल तर उधार आणावा. ॲल्युमिनियमच्या घरात आटे गेले की दुरुस्ती ऑइलपेक्षा कितीतरी महाग पडते.

प्रत्येक फेऱ्याचं थोडं ऑइल लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून गॅरेजच्या खिडकीत ठेवलं. पहिली बरणी तपकिरी, उजेडही आरपार जाईना. दुसरी गडद मधासारखी. तिसरी तांबूस. चुंबकावरचा थर दुसऱ्यांदा निम्मा आणि तिसऱ्यांदा नखाच्या टोकाएवढा होता. बाकीचं जुनं ऑइल डब्यात बंद करून गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात दिलं. तिथे ते फुकट घेतात.

दुसऱ्या फेऱ्याच्या वेळी तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या क्लचचे दाब मोजणारे दोन स्विचही बदलले. क्लचमध्ये दाब आला की नाही हे ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतात. ते थकले की गिअर वेळेवर आवळला जात नाही आणि झटका बसतो. बाहेरूनच बसवलेले आहेत, गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. ऑइल, वॉशर, स्विच मिळून सव्वादोनशे डॉलरच्या आसपास खर्च आला.

पहिल्या फेऱ्यानंतर फारसा फरक पडला नाही, आणि मी दोन दिवस निराश होते. दुसऱ्यानंतर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जातानाचा झटका गेला. तिसऱ्यानंतर थंड सकाळी बाबा घड्याळ लावून बसले. रिव्हर्स लागायला तीनाऐवजी जेमतेम एक सेकंद. थरथर मात्र पूर्ण गेलेली नाही. नव्वद अंश फॅरनहाइटच्या दुपारी, बराच वेळ गर्दीत अडकल्यावर, पंचेचाळीसच्या वेगाला अजून एखादी हलकी लहर येते. झिजलेली चकती ऑइलने भरून येत नाही. तिला स्वच्छ ऑइलात जितके दिवस काढता येतील तितके मला हवे आहेत.

जुलैमध्ये सात माणसं आणि सामान घेऊन आम्ही रूट ८० ने डेलावेअर वॉटर गॅपवरून पोकोनोजच्या डोंगरात गेलो. चढावर गाडी चौथा-पाचवा करत घुटमळायला लागली की मी डी-थ्रीचं, म्हणजे तिसऱ्याच्या वर जाऊ न देणारं बटण दाबायची, म्हणजे गिअरची अदलाबदल थांबते आणि ऑइल कमी तापतं. बाबा शेजारी बसून पूर्ण चढ काही बोलले नाहीत, फक्त ऐकत होते.

आता दर १५,००० मैलांनी एकदा काढा-भरा करते. परवा १,९९,२०० ला केलं. बरणीत फिकट तांबूस ऑइल आलं, त्याचा फोटो बाबांना पुण्याला पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"रंग ठीक आहे. चुंबकावर काय होतं ते दाखव."

चुंबकाचा फोटो काढायच्या आधीच मी तो पुसला होता. बाबा रागावले.