ओढ्याकाठच्या वाटेसाठी सवलतीचा अर्ज

आमच्या भूखंडावर रस्त्यापासून घरापर्यंत गाडी नेण्याजोगी एकच जागा आहे, आणि नेमकी तीच संरक्षित ओढ्यालगत मोकळ्या राखलेल्या पट्ट्यातून जाते; त्यामुळे नियमातून सवलत मागण्यावाचून गत्यंतर उरले नाही. नुसती गैरसोय होते, एवढे कारण अशा अर्जाला पुरत नाही, हे मला उशिराच उमगले. अडचण जमिनीच्या आकारातून किंवा उतारातून आलेली असावी, ती आपणच ओढवून घेतलेली नसावी आणि मागितलेली सूट गरजेपुरतीच असावी, हे पटवून द्यावे लागते. म्हणून वाटेची रुंदी मी ५ मीटरवरून ३ वर आणली. (गाडी मागे घेताना आता जीव मुठीत धरावा लागेल, ते वेगळे.)

खरा प्रश्न पाण्याचा आहे. परवाच्या पावसात उतारावर उभा राहिलो, तेव्हा मातीचा गढूळ ओघळ गवतात शिरून निवळताना दिसला. तिथे डांबर घातले, तर तेच पाणी तेल आणि गाळ घेऊन थेट ओढ्यात उतरेल. त्यामुळे नकाशात पाणी झिरपू देणारी खडीची वाट, कडेने गवताचा उथळ चर आणि काम चालू असेपर्यंत गाळ अडवणारे कापडी कुंपण दाखवले आहे. शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या आहेत; सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.